थोरल्या बाबांचा हीटर

एका जंगलात अस्वलांचं एक घर ऐन थंडीत काकडलं, आणि त्यात सगळा दोष भुर्क्याचा होता.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर मुलांनो, तुम्ही शेवटपर्यंत चूक कुणाची, चूक कुणाची म्हणून डोकं खाजवत बसाल. भुर्क्याची. त्यानं ती स्वतःच्या तोंडानं, चार शेजाऱ्यांसमोर कबूल केली. आता उरली ती नुसती गोष्ट.

हे जंगल उंच पठारावर होतं. पौष लागला की तिथल्या गवतावरचं दव गोठून साबुदाण्यासारखं कडक व्हायचं. हरणं सकाळी चरायला निघाली की पायाखाली कुरकुर वाजायचं. ससे तोंडातून वाफा काढत फिरायचे.

पठाराच्या कडेला एक तीन खोल्यांची गुहा होती. पुढची खोली, मधली खोली, मागची खोली. पुढच्या खोलीत आप्पा अस्वल राहायचे. ते घरातले कर्ते. म्हणजे करायचे काही नाहीत, पण कर्ते. मधल्या खोलीत थोरला मुलगा दगडू आणि धाकटा भुर्क्या. मागच्या खोलीत दगडूची बायको गोदा बाळंतीण होती.

आणि पुढच्या खोलीत आणखी एकजण राहायचे. थोरले बाबा.

थोरले बाबा म्हणजे आप्पांचे आजोबा. ते मरून पन्नास वर्षं झाली होती. ते वाघाशी झुंजताना गेले, असं घरात सांगतात. खरं म्हणजे मोहाची फुलं जास्त झाली होती आणि अंधारात लघवीला म्हणून कड्याच्या टोकापर्यंत गेले होते. तसबिरीत तेवढं काही आलेलं नाही. तसबिरीत फक्त मिशा आणि बाणा आला आहे.

भिंतीतल्या कोनाड्यात ती तसबीर होती. कोनाड्याला पुढं रुंद कट्टा. तसबिरीला वाळक्या फुलांचा हार.

या घराचा एक नियम होता. थोरल्या बाबांकडे पाठ करायची नाही.

पुढच्या खोलीतून बाहेर जायचं तर उलटं चालत जायचं. अस्वलाला उलटं चालता येत नाही. त्यामुळे घरातल्या प्रत्येकाच्या डोक्याला मागच्या बाजूनं टेंगूळ होतं. ज्याचं टेंगूळ मोठं तो संस्कारी. दगडूला दोन होती.

हा नियम वस्तूंनाही लागू होता. घरात नवी वस्तू आली की आधी बाबांपुढं ठेवायची आणि तिचं तोंड बाबांकडे करायचं. घड्याळ आणलं, त्याचं तोंड बाबांकडे. त्यामुळे किती वाजले ते घरात फक्त बाबांना कळायचं. कॅलेंडर आणलं, तेही बाबांकडे तोंड करून. पंखा आणला. वैशाखात सगळं घर घामानं निथळत असायचं आणि पंखा बाबांना वारा घालायचा. हार हलायचा. आप्पा म्हणायचे, बघा, बाबा खूष आहेत.

भुर्क्या घड्याळाकडे न बघता मोठा झाला होता. शाळेत रोज उशिरा पोचायचा. घुबड मास्तर रोज वर्गाबाहेर उभं करायचे. सातवीत त्यानं ठरवलं की बाहेरच उभं राहायचं आहे तर ते शाळेच्याच बाहेर राहू. घरच्यांनी त्याचं नाव टाकलं. तसं ते आधीही फारसं कुणी घेत नव्हतं.

गोदा घेत असे. म्हणजे ती त्याला भावजी म्हणायची, पण हाक मारायची. त्या घरात तेवढंही खूप होतं.

गोदाला पौषातच मुलगी झाली. दिवस भरायच्या महिनाभर आधी. पिलू एवढंसं, मुठीत मावेल असं. अंगावर केस नाहीत. अस्वलाच्या पोटी जन्मलं होतं म्हणून अस्वल म्हणायचं. मागच्या खोलीची भिंत पाझरायची. पिलू टोपलीत पालापाचोळ्यात गुंडाळलेलं असायचं आणि पाचोळा थरथरायचा.

सुईण होती साळूबाई, साळिंदराच्या घरातली. तिनं पिलाचे तळवे चाचपले. नाक चाचपलं. मग दगडूला दारात बोलावलं आणि सांगितलं की हिला ऊब पाहिजे. आईच्या पोटाची पुरणार नाही, आईच बर्फ झाली आहे. ही खोली तापली तर पोर जगेल. नाहीतर पुनव बघत नाही ही.

पुनवेला आठ दिवस होते.

शेगडी पेटवून पाहिली. मागच्या खोलीला धूर जायला वाट नव्हती. पिलू निळं पडलं तेव्हा शेगडी बाहेर काढली. मग दगडू बाजाराला गेला आणि दोन पोळी मध देऊन माकडाच्या दुकानातून विजेचा हीटर घेऊन आला.

जंगलात वीज कुठून आली, असं मुलांनो विचारू नका. साळिंदर सुईणपण करतं ते तुम्हाला चालतं, आणि विजेचाच तेवढा पुरावा पाहिजे काय?

हीटर दिसायला साधा होता. खाली पाय, वर ताटाएवढी चकचकीत पत्र्याची तबकडी आणि तिच्यापुढं दोन दांड्या. बटण दाबलं की दांड्या लाल व्हायच्या. सोबत एक कागद होता.

कागद कुणी वाचायचा नसतो. ज्याला वस्तू कळत नाही तो कागद वाचतो, असं आप्पांचं मत होतं. आप्पांना सगळ्या वस्तू कळत.

भुर्क्यानं कागद वाचला. सातवीपर्यंतचं वाचन त्याला पुरलं. कागदावर चारच ओळी होत्या. हा हीटर हवा तापवत नाही. याच्या समोर जे असेल ते तापवतो. आडोसा आला की ऊब अडते. तीन हात अंतर ठेवावं, वर कापड टाकू नये.

तो कागद घेऊन पुढच्या खोलीत आला तोवर उशीर झाला होता. हीटर मध्यावर ठेवला होता, हळदकुंकू लावून. तोंड थोरल्या बाबांकडे.

भुर्क्यानं विचारलं की हा मागच्या खोलीत कधी जाणार.

आप्पा म्हणाले, जाईल की. आधी बाबांपुढं नको ठेवायला? आणि जायची गरज काय? पेटलाय ना तो. ऊब पसरत पसरत जाते मागं. आम्ही शेगड्या बघितल्यात.

"आप्पा, ही शेगडी नाही," भुर्क्या म्हणाला. "उन्हात उभं राहिलं की अंग तापतं ना? झाडामागं गेलं की गार. हवा तीच असते. हा तसा आहे. ज्याच्याकडे बघतो त्याला तापवतो."

"मग बाबांकडे बघतोय. बरोबरच आहे."

"बाबांना काय करायचीय ऊब?"

आप्पांनी दगडूकडे पाहिलं. दगडूनं जमिनीकडे पाहिलं. आप्पा म्हणाले, जो सातवीत टिकला नाही तो आता आम्हाला ऊब शिकवणार. तुझ्या वयाचे असताना आम्ही पौषात नदीत डुंबायचो.

आप्पा नदीत डुंबायचे हे खरं होतं. ते मगरीला चुकवायला पाण्यात शिरले होते आणि मगर काठावर होती.

तर हीटर तसाच राहिला. बाबा आणि हीटर यांच्या मधे कुणी बसायचं नाही, कारण ते बाबांच्या आडवं येणं झालं. मधली सगळी जागा मोकळी. आप्पा बाजूला घोंगडी पांघरून बसले. त्यांचे दात वाजत होते. दगडू दुसऱ्या बाजूला. त्याच्या नाकाला थेंब लोंबत होता.

"आली ऊब?" आप्पांनी विचारलं.

"येतेय, येतेय," दगडू म्हणाला आणि शिंकला.

"ज्याला श्रद्धा आहे त्याला लवकर येते."

मागच्या खोलीत पाचोळा थरथरत होता. भुर्क्या मधल्या दारात उभा राहून दोन्हीकडे बघत होता. एकीकडे लाल दांड्या, आणि त्यांच्यासमोर आरामात शेकणारा पन्नास वर्षांचा मुडदा. दुसरीकडे आठ दिवसांचं पोर. हातातला कागद त्यानं इतका आवळला की तो फाटला.

दोन दिवस गेले. पिलू दूध ओढेना. तोंडात धरायचं आणि सोडून द्यायचं.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवण करून आप्पा लवंडले. त्यांच्या घोरण्यानं कोनाड्यातली धूळ हलायला लागली, तसा भुर्क्या उठला. त्यानं हीटर उचलला, मागच्या खोलीत नेला, तीन हात मोजून टोपलीसमोर ठेवला आणि बटण दाबलं.

गोदानं आधी दाराकडे पाहिलं. मग टोपली थोडी तिरपी केली.

पाचोळ्याची थरथर कमी होत होत थांबली. पिलाच्या नाकाचा निळेपणा गेला. त्यानं मूठ उघडली, परत मिटली. गोदानं त्याला जवळ घेतलं, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा त्यानं नेट लावून दूध ओढलं. चुटूचुटू आवाज येत होता. भुर्क्या भिंतीकडे तोंड करून तो ऐकत उभा राहिला.

गोदा म्हणाली, "भावजी, हा इथंच राहू दे."

"राहील."

घटकाभर राहिला. मग पुढच्या खोलीतून आप्पांची हाक आली. हाक नाही, बोंब. बाबांना कुणीतरी उघड्यावर टाकलं होतं.

आप्पा सगळ्या घराला टेंगूळ देत मागं आले. बाबांना थंडीत टाकून इथं चैन चाललीय, म्हणाले. या घरानं तुला काय कमी केलं, म्हणाले. ज्यांच्या पुण्याईवर आपण जगतो, त्यांच्या तोंडची ऊब काढताना हात झडला नाही तुझा?

"ते मेलेत, आप्पा," भुर्क्या म्हणाला. "पन्नास वर्षं झाली. ही जिवंत आहे."

त्या घरात ते वाक्य तोवर कुणी बोललं नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं, पण बोललं नव्हतं. आप्पांनी त्याच्या कानाखाली वाजवली. वय झालं असलं तरी पंजा अस्वलाचा होता. परत या हीटरला हात लावलास तर हे घर तुला बंद, असं त्यांनी सांगितलं. दगडूनं हीटर उचलून पुढं नेला. नेताना तो भावाकडे बघत नव्हता, बायकोकडे बघत नव्हता, पोरीकडेही बघत नव्हता. बाबांकडे पाठ होऊ नये म्हणून तो तिरका चालत होता.

दुसऱ्या दिवशी तरसकाकू बाळाला बघायला आल्या. हातात डिंकाचे चार लाडू, त्यातला एक वाटेत उष्टा झालेला. रीतीप्रमाणे आधी बाबांच्या पाया पडल्या. बाजूनं पुढं वाकल्या, तसबिरीच्या चौकटीला कपाळ लावलं, आणि तशाच राहिल्या.

मग हळूच म्हणाल्या, "अगंबाई, बाबांचं अंग गरम लागतंय."

आप्पांनी हात लावला. गरम होतं. चार दिवस दोन लाल दांड्या तसबिरीवर रोखलेल्या होत्या. गरम नाही लागणार तर काय गार लागणार? पण आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबा जागृत आहेत, असं ते म्हणाले.

संध्याकाळपर्यंत गुहेबाहेर रांग लागली. ससे, भेकरं, दोन गवे, एक म्हातारा लांडगा. सगळ्या पठारावर तेवढी एकच वस्तू गरम होती. जो तो बाजूनं यायचा, तसबिरीला पंजे लावायचा, आणि त्याला कसं बरं वाटायचं. बोटं सैल पडायची. डोळे मिटायचे. बाहेर येऊन म्हणायचा, काय शांत वाटलं म्हणून सांगू. मग मागं जाऊन परत रांगेत उभा राहायचा.

थंडी वाढली तशी भक्ती वाढली.

गव्यांनी आप्पांना शाल दिली. आप्पा ती घोंगडीवर पांघरून बसले. आता हीटर हलवायचा विषयच नव्हता. आप्पा भक्तांना सांगत की बाबांपुढं हा लाल दिवा अखंड तेवत ठेवलाय. दिवा. हीटर हा शब्दसुद्धा घरातून गेला.

भुर्क्यानं अजून एकदा प्रयत्न केला. त्याला वाटलं, डोळ्यांनी दाखवलं तर कळेल. मुलांनो, त्याची ही खोड शेवटपर्यंत गेली नाही.

आप्पांनी हीटरला हात लावायला बंदी केली होती. म्हणून त्यानं हीटरला हात लावला नाही. त्यानं स्वयंपाकाचा वरवंटा आणला आणि तसबिरीशेजारी कट्ट्यावर ठेवला. अर्ध्या घटकेनं उचलला आणि रांगेतल्या तरसकाकूंच्या हातात दिला.

"गरम लागतो ना, काकू?"

"लागतो की."

"मघाशी यावर चटणी वाटली होती. हा पण जागृत का?"

तरसकाकूंनी वरवंट्याकडे पाहिलं. भुर्क्याकडे पाहिलं. मग वरवंटा कपाळाला लावला आणि डोळे मिटले.

दिवस मावळायच्या आत वरवंट्याला हळदकुंकू लागलं. त्या दिवसापासून घरातली चटणी बंद झाली. आप्पांनी भक्तांना सांगितलं की आमचा धाकटा जरा वाया गेलेला आहे, पण बाबांनी त्याच्या हातूनही सेवा करून घेतली.

पुनवेला दोन दिवस उरले. साळूबाई येऊन गेली. तिनं पिलाचे तळवे चाचपले. जाताना फक्त गोदाच्या डोक्यावरून हात फिरवला. तिचे काटे गोदाला टोचले, तरी गोदा हलली नाही.

भुर्क्या म्हणाला, मी आज उचलून आणतो हीटर. काय व्हायचं ते होऊ दे.

गोदानं मान हलवली. तिनं शांतपणे हिशेब मांडला. तो आणील, आप्पा परत नेतील. आता बाहेर रांग आहे, गवे आहेत. घटकाभराची ऊब मिळेल आणि मग कधीच नाही. भावजी, तुम्ही खरं बोलता, ती म्हणाली. खरं बोलून सहा दिवसांत काय मिळालं? एक थप्पड आणि एक देव.

मग तिनं तोंड धुतलं, कुंकू लावलं, टोपली उचलली आणि दोन आठवड्यांची ओली बाळंतीण भर दुपारी पुढच्या खोलीत आली.

आप्पा चपापले. बाळंतिणीनं बाहेर यायचं नसतं. ते काही म्हणायच्या आत गोदानं टोपली खाली ठेवली आणि बाबांपुढं आडवी झाली. सगळी रांग माना उंच करून बघू लागली.

"आप्पा, पहाटे बाबा आले होते," ती जमिनीला कपाळ टेकवूनच म्हणाली. "स्वप्नात."

आप्पांचा चेहरा पडला. त्यांनी चाळीस वर्षं बाबांची सेवा केली होती आणि बाबा त्यांच्या स्वप्नात एकदाही आले नव्हते. त्यांच्या स्वप्नात मगर यायची.

"तुझ्याकडे कसे आले? माझ्याकडे यायचे."

"म्हणाले, आप्पा सेवेत दमून झोपलाय, त्याला उठवू नको."

हे आप्पांना पटलं. दगडूलाही पटलं. तरसकाकूंनी पदर डोळ्यांना लावला.

आप्पांनी विचारलं, काय म्हणाले बाबा. गोदानं सांगितलं. बाबा म्हणाले, मला आता ऊब लागलीय. मांडी रिकामी आहे. माझ्या पणतवाची पोर माझ्या मांडीवर ठेवा.

मांडी म्हणजे कट्टा. तसबिरीत बाबांना मांडी नव्हती, चित्र छातीपर्यंतच होतं. पण कट्ट्याला मांडी म्हणायला कुणाची हरकत दिसली नाही. दगडूनं तर टोपलीला हातही घातला.

"थांब," आप्पा म्हणाले.

त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. आप्पा मूर्ख होते, पण कर्ते होते, आणि घरात दुसऱ्या कुणाला दृष्टांत व्हावा हे त्यांना सोसत नव्हतं. ते म्हणाले, बाबा उगाच येत नाहीत. बाबा आले म्हणजे कोपले असणार. घरात काहीतरी पाप झालेलं असणार. कुणाच्या हातून झालं, ते सांगितलं असेल ना त्यांनी? ते सांगितलं असेल तर स्वप्न खरं.

गोदानं एवढा विचार केला नव्हता.

बाबांना पन्नास वर्षं ऊब नव्हती, हे पाप आप्पांचं म्हणता आलं असतं. पण आप्पांचं पाप दाखवणारं स्वप्न आप्पा खरं मानणार नव्हते. नवऱ्याचं नाव घेतलं असतं तर दगडू तिथंच आडवा झाला असता. टोपलीत पिलानं तोंड उघडलं, आणि आवाज आला नाही.

रांगेत कुजबुज सुरू झाली. आप्पा म्हणाले, "नाव सांग, सूनबाई. नाहीतर जा मागं."

गोदानं मान वर केली आणि भुर्क्याकडे पाहिलं. तिनं नाव घेतलं नाही. तिला घेता येईना.

भुर्क्या मधल्या दारात उभा होता. आयुष्यभर तो एकच गोष्ट करत आला होता, जे दिसलं ते तोंडावर बोलायचं. त्यापायी कानाखाली बसली होती. त्याला टोपली दिसत होती. टोपली हीटरपासून पाच पावलांवर होती, तीही बाजूला, जिथं ऊब नव्हती.

"पाप माझं आहे," तो म्हणाला. "बाबांना मी मेलेला म्हणालो. माझ्यामुळे सगळ्या घराला थंडी लागली. परवा माझ्याही स्वप्नात आले होते. मी कुणाला सांगितलं नाही."

आप्पांनी मोठा श्वास सोडला. सगळं कसं जागच्या जागी बसलं. स्वप्न खरं, बाबा जागृत, आप्पा निर्दोष, आणि वाया गेलेला तोच वाया गेलेला.

"आणि काय म्हणाले?" त्यांनी विचारलं.

"म्हणाले, दिवा आणि मांडी यांच्यात तीन हात अंतर ठेवा. मधे कुणी येऊ नका. दिव्यावर शालबिल टाकू नका."

कागदावरच्या ओळी होत्या त्या. बाबांच्या नावानं सांगितल्यावर आप्पांनी त्या दोनदा म्हणवून घेतल्या आणि दगडूला पाठ करायला लावल्या. तीन हात मोजून चुन्याची रेघ मारली. टोपली कट्ट्यावर चढली.

हीटर आता सरळ पिलाकडे बघत होता.

पिलाचं तोंड बाबांकडे करायचं यावर आप्पा अडून बसले, म्हणून आधी पाठ शेकली. मग गोदा तिला भाकरीसारखी आलटूनपालटून भाजत राहिली. बाबांनीच सांगितलंय, कूस बदलत जा, असं ती म्हणायची. आता तिला बाबा रोजच काही ना काही सांगायचे. पिलू गुलाबी झालं. दिवस कलता कलता ते जे रडलं, ते बाहेरच्या रांगेच्या शेवटापर्यंत ऐकू गेलं. गवे रडले. तरसकाकू हातातला लाडू खायला विसरल्या.

भुर्क्यानं ते रडणं बाहेरून ऐकलं. त्याला तोवर घराबाहेर काढलेलं होतं. बाबांना मेलेला म्हणणाऱ्याला बाबांच्या छपराखाली ठेवून चालणार नव्हतं. बाबा स्वतः दृष्टांत देऊन माफ करतील तेव्हा ये, असं ठरलं. दगडू उंबऱ्यापर्यंत पोचवायला आला. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, अंगावर काहीतरी घे, थंडी आहे. घ्यायला दिलं काही नाही. भुर्क्या सरळ चालत बाहेर पडला, सगळ्यांकडे पाठ करून, आणि उंबऱ्याला धडकला नाही.

पुनव आली आणि गेली. पिलाला केस आले. बारशाला अख्खं पठार जेवलं, आणि आप्पांनी नाव ठेवलं बाबाई.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी गोदाला परत दृष्टांत झाला. बाबा म्हणाले, धाकट्याला माफ केलंय, त्याला घरात घ्या. तिनं तो लगेच, सगळ्यांसमोर सांगितला.

पण एव्हाना आप्पांनाही स्वप्नं पडायला लागली होती. सोपं असतं ते, एकदा कळलं की. आप्पांच्या स्वप्नातले बाबा भुर्क्यावर अजून फार रागावलेले होते. ते रोजच रागावलेले असायचे. आणि घरात दोन दृष्टांत झाले तर कर्त्याचा धरायचा, असंही बाबांनीच आप्पांना सांगितलं.

तात्पर्य: मुलांनो, मोठ्या माणसांशी नेहमी खोटं बोलावं. खरं बोललात तर पोर गारठून मरेल. खोटं बोलायचं तेही स्वतःच्या नावावर नाही, कुणातरी मेलेल्याच्या नावावर, म्हणजे ते तुमच्या पाठीवरून हात फिरवून ऐकतील. आणि त्यांनी चूक कुणाची असं विचारलं तर लगेच एक नाव द्या, कारण आपली नाही एवढंच त्यांना ऐकायचं असतं.

भुर्क्यानं स्वतःचं दिलं. त्याचं घर गेलं.